माहुलीच्या वाळूतले घराणे : साताऱ्याजवळचे तीन दिवस

माझे मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीला बरीच वर्षे लोटूनही कोणत्याही जागी गेले की त्यांचा पहिला प्रश्न "याची हद्द कुठून कुठपर्यंत?" हाच असतो. साताऱ्याजवळ माहुलीला छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत, त्यांतल्या काही नदीच्या पात्रात आहेत आणि पावसाळ्यात पाण्याखाली जातात, असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नदीला सर्व्हे नंबर नसतो. मग ती जागा कुणाच्या नावावर धरायची?" एवढ्या प्रश्नावर फेब्रुवारीच्या अखेरीस आमचा प्रवास ठरला.

निघण्यापूर्वी मी एका कागदावर या घराण्यातली माणसे आणि त्यांची अखेरची ठिकाणे लिहून काढली होती. शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे, जिजाबाई रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला, शिवाजी महाराज रायगडावर, संभाजी महाराज भीमाकाठी वढू-तुळापूरला, राजाराम महाराज सिंहगडावर. जो जिथे गेला, त्याचे दहन तिथेच झाले आणि समाधीही तिथेच उभी राहिली. घराण्याची अशी एक जागा म्हणून नव्हतीच. साताऱ्याला गादी स्थिरावल्यावर मात्र पहिल्यांदाच एका नदीकाठी एकाच घरातली अनेक माणसे आली, आणि जी आली तीही आयुष्यभर एकमेकांशी भांडलेली. मला माहुलीचे कुतूहल होते ते मुख्यतः यामुळे.

पहिला दिवस : पाणी

संगम माहुली साताऱ्याच्या पूर्वेला सुमारे 5 किलोमीटरवर आहे. वेण्णा नदी इथे कृष्णेला मिळते. कृष्णेच्या अलीकडे संगम माहुली आणि पलीकडे क्षेत्र माहुली अशी दोन गावे असून दोन्ही काठांवर अठराव्या शतकातली देवळे आहेत. आम्ही दुपारी चारच्या सुमारास घाटावर पोहोचलो तेव्हा पहिली निराशा वाट पाहत होती. धरणातून पाणी सोडलेले होते. एरवी या दिवसांत जिथे वाळू आणि गोटे दिसायला हवेत, तिथे गढूळ, संथ पाणी पसरले होते.

"आवर्तन सुटलंय," घाटावर कपडे पिळत बसलेल्या एका बाईंनी सांगितले. "दोन दिवस थांबा, उतरेल."

इथे येऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे आधीच सांगून ठेवते. जून ते ऑक्टोबर समाध्या पाहायला मिळतील असे गृहीत धरू नये. हिवाळ्याची अखेर आणि उन्हाळा हेच दिवस योग्य. पण वर कृष्णेवर धोम आणि वेण्णेवर कण्हेर अशी दोन धरणे असल्यामुळे उन्हाळ्यातही पाण्याची पातळी एका रात्रीत बदलू शकते. हाताशी निदान दोन दिवस असावेत, आणि पायांत भिजली तरी चालतील अशी पादत्राणे असावीत.

पाण्याच्या कडेने चालत गेल्यावर संभाजी महाराजांचे पुत्र थोरले शाहू महाराज यांच्या समाधीचा चौथरा दिसला. पाणी त्याच्या पायथ्याला लागले होते. दगडी चौथरा आणि त्यावर शिवलिंग, एवढेच. छत्री नाही, नक्षीचे खांब नाहीत, नाव नाही. सातव्या वर्षी मोगलांच्या कैदेत गेलेला, 1707 मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटलेला, 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेणारा आणि त्यानंतर जवळजवळ 42 वर्षे गादीवर राहणारा हा राजा. त्याच्या कारकिर्दीत मराठ्यांचे घोडे दिल्ली आणि बंगालपर्यंत पोहोचले, आणि तो स्वतः 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यातच वारला. मामांनी दुरूनच अंदाज घेतला आणि म्हणाले, "एवढ्याला अर्धा गुंठासुद्धा लागत नाही." त्यांच्या हिशेबात 33 फुटांची एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, जगातल्या सगळ्या वस्तू ते या मापात बसवून पाहतात.

याच जागी शाहूंच्या राणी सकवारबाई सती गेल्या. शाहूंना पुत्र नव्हता, वारसाचा प्रश्न पेटला होता, आणि शाहूंच्या काकू ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला सकवारबाईंचा कडवा विरोध होता. त्यांचे सती जाणे हा किती स्वखुशीचा आणि किती दरबारी सोयीचा भाग होता, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. चौथऱ्यासमोर उभे असताना मला तो वाद केवळ ग्रंथांतला वाटेना. नवरा गेल्यावर सत्तेच्या वाटेत उरलेली ती एकटी बाई होती, आणि ती त्याच चितेवर संपली. पूजेसाठी तिथे वाहिलेली फुले मला त्या क्षणी बघवली नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहिते.

परतताना घाटाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबाचा दहावा चालला होता. माहुलीचे हे स्मशान आजही साताऱ्याचे स्मशान आहे. राजघराण्याची जागा आणि गावाची जागा यांच्यामध्ये भिंत नाही. पिंड ठेवून अर्धा तास झाला होता आणि कावळा शिवत नव्हता. पांढऱ्या टोप्या घातलेली दहा-बारा माणसे झाडाकडे बघत उभी होती. शेवटी एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "नातवाचं शिक्षण आम्ही बघतो, काळजी करू नको." त्यानंतरही कावळा काही आला नाही. मग आणखी एकाने, थोडे चाचरत, बांधाच्या वादाचे काहीतरी कबूल केले, आणि दोन मिनिटांत कावळा खाली उतरला. मामांनी माझ्याकडे पाहिले. "बघ," ते हळूच म्हणाले, "शेवटी हद्दीवरच अडलं होतं."

संध्याकाळी विश्वेश्वराच्या देवळात बसलो. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलेले हे देऊळ खाली काळ्या दगडाचे, वर विटा-चुन्याच्या शिखराचे आहे. सभामंडपातला गारवा दिवसभराच्या उन्हानंतर सोडवत नाही. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे, आणि 1817 मध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला भेटला तोही इथेच. राज्य बुडण्याआधीच्या त्या शेवटच्या मसलतींपैकी एक या घाटाच्या आसपास झाली, हे तिथल्या शांततेत खरे वाटत नाही.

दुसरा दिवस : काकूंचा किल्ला आणि विरूबाईंची विहीर

पाणी उतरायची वाट पाहायची होती, म्हणून पहाटे साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलो. वर गाडी जाते, पण सूर्य वर येण्याआधी चालत चढण्यात मौज आहे. साताऱ्यातली निम्मी निवृत्त मंडळी त्या वेळी रस्त्यावर असतात आणि अनोळखी माणसालाही "या पाहुणे" म्हणतात. त्यांतल्या एका गृहस्थांनी आम्हाला ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष दाखवले आणि मामांनी खाते सांगताच स्वतःच्या जमिनीच्या मोजणीचे प्रकरण अर्धा तास ऐकवले.

माहुलीतल्या समाध्या समजून घ्यायच्या असतील तर आधी हा किल्ला पाहावा, असे माझे मत झाले आहे. औरंगजेबाने 1699 च्या अखेरीस याला वेढा घातला. सुरुंग उडवताना तट मोगलांच्याच अंगावर कोसळून त्यांची असंख्य माणसे दगावली, तरी एप्रिल 1700 मध्ये किल्ला त्यांच्या हाती गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. हंबीरराव मोहित्यांची कन्या आणि राजारामांची राणी ताराबाई तेव्हा जेमतेम 25 वर्षांची होती. लहानग्या मुलाला गादीवर बसवून तिने पुढची सात वर्षे औरंगजेबाशी झुंज घेतली आणि किल्ल्यांमागून किल्ले परत मिळवले. आणि मग 1707 मध्ये पुतण्या सुटून आला आणि म्हणाला, गादी माझी.

ताराबाईने तो खरा शाहू नव्हेच, तोतया आहे, असे म्हटले. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडजवळ काकू-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईचा सेनापती धनाजी जाधव पुतण्याला जाऊन मिळाला आणि साताराही पुतण्याकडे गेला. पुढे पन्हाळ्यावर सवत राजसबाईने तिला कैदेत टाकले. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली, आणि त्या सुमारास शाहूंनी काकूला साताऱ्याला आणून ठेवले. ज्या किल्ल्यावर तिने एकेकाळी हुकूम चालवला, तिथेच ती आता पुतण्याच्या नजरेखाली राहिली.

पण ती स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. शाहूंच्या अखेरच्या दिवसांत तिने रामराजा हा आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून पुढे आणला, त्याला गादी मिळवून दिली, आणि तो पेशव्यांच्या ओंजळीने पाणी पितो असे दिसताच नोव्हेंबर 1750 मध्ये याच किल्ल्यावर त्याला कैद केले. दोन वर्षांनी जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन तिने सांगितले की हा माझा नातू नव्हेच. मामा तटावर बसून हे सगळे ऐकत होते. "वारस नोंद करायची आणि मग स्वतःच हरकत घ्यायची," ते म्हणाले. "अशी प्रकरणं मी तालुक्याला पुष्कळ पाहिली. त्यांत बहुतेक म्हाताऱ्याच जिंकतात, कारण त्यांना घाई नसते."

खाली उतरून न्याहारी केली, कंदी पेढे घेतले (खरे सांगायचे तर मामांनी अर्धा किलो स्वतःसाठी आणि पाव किलो घरच्यांसाठी घेतले), आणि दुपारी लिंबला गेलो. साताऱ्याच्या उत्तरेला सुमारे 16 किलोमीटरवर, महामार्गावरच्या लिंब फाट्यावरून आत हे गाव आहे, आणि गावापलीकडच्या शेतांत ती प्रसिद्ध बारामोटेची विहीर. वरून शिवलिंगाच्या आकाराची, पोट अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. आणि तिच्या पोटातच एक छोटा महाल बांधलेला. पायऱ्या उतरून आत गेलो तेव्हा बाहेरचे ऊन एकदम दूरच्या गावाला गेल्यासारखे वाटले. दाराजवळच्या शिलालेखात शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 हा काळ नोंदला आहे. आमराईला पाणी देण्यासाठी ही विहीर बांधली ती विरूबाईंनी.

विरूबाई शाहूंच्या लग्नाच्या राणी नव्हत्या. कैदेतून ते सुटले तेव्हापासून त्या सोबत होत्या, आणि दोन लग्नाच्या राण्या असताना वाड्याचा सगळा कारभार मात्र विरूबाईंच्या शब्दाने चाले. 1707 मध्ये परत येताना वाटेत पारद गावी लढाई झाली तेव्हा एका बाईने आपले मूल शाहूंच्या पालखीत टाकले होते. विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले. तो विरूबाईंजवळ वाढला, आणि अक्कलकोटचे घराणे त्याच्यापासून सुरू झाले. 1740 मध्ये विरूबाई वारल्या. माहुलीत त्यांच्या नावाची समाधी आम्हाला कुणी दाखवली नाही. विहिरीत बसून मला वाटले की त्यांना तिची गरजही नसावी. बाकीच्यांच्या नावाचा एकही दगड वाचता येत नाही आणि यांचा लेख तीनशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहे.

(विहिरीत पारव्यांचा आणि वटवाघळांचा वावर आहे, पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, आणि कठड्यावर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांची हौस पाहून काळजाचा ठोका चुकतो. मुले सोबत असतील तर हात सोडू नये. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गर्दी कमी असते.)

शेजारच्या वस्तीवर पाणी मागायला थांबलो आणि जेवूनच निघालो. वाघ्या घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि वाटीभर दही. हा घेवडा कोरेगाव भागाचा, दाण्यांवर वाघासारखे पट्टे असलेला, आणि शिजल्यावर त्याची आमटी इतकी दाट होते की भाकरी चुरून खावी. पैसे घ्यायला बाई तयार होईनात. शेवटी मामांनी त्यांच्या धाकट्या दिराला फाळणी नकाशा कसा वाचायचा ते अंगणात काडीने रेघा ओढून शिकवले, आणि त्यावर हिशेब मिटला.

तिसरा दिवस : वाळू

सकाळी सातला घाटावर गेलो तर पाणी उतरले होते. पहिल्या दिवशी जिथे नदी होती तिथे ओली वाळू, शेवाळलेले गोटे आणि कालच्या कुणाच्या तरी रक्षेसोबत आलेली झेंडूची फुले होती. विश्वेश्वराच्या देवळातल्या गुरवांनी "चला, मी येतो" म्हटले आणि धोतर वर खोचून पुढे निघाले.

त्यांनी आधी खंड्या कुत्र्याची समाधी दाखवली. शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने शाहूंचा जीव वाचवला, म्हणून राजाने त्याला पालखीचा मान दिला आणि मेल्यावर दगडी समाधी बांधली, अशी कथा आहे. जुन्या ब्रिटिश नोंदींत याहून विलक्षण मजकूर सापडतो. एकदा शाहूंनी भर दरबारात कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः कधी पगडी घातली नाही. काही जण यात राजाचा विक्षिप्तपणा पाहतात. मला तो दरबारी मानापमानाला दिलेला शांत टोला वाटतो. मानासाठी काकूशी, चुलतभावाशी आणि सरदारांशी जन्मभर झगडावे लागलेल्या माणसाला पगडीची किंमत आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

तिथून पुढे येसूबाईंची मानली जाणारी समाधी. संभाजी महाराजांच्या पत्नी, शाहूंच्या आई. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा त्या मुलासह मोगलांच्या ताब्यात गेल्या. मुलगा 1707 मध्ये सुटला, त्या मात्र ओलीस म्हणून मागे राहिल्या, आणि बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या मोहिमेनंतर 1719 मध्ये साताऱ्याला परत आल्या. कैद जवळजवळ 30 वर्षांची. मी गुरवांना विचारले, नाव कोरलेले नसताना ही कुणाची आणि ती कुणाची हे कसे ठरते. उत्तर मामांनी दिले.

"दगडावर बघू नये, दप्तरात बघावं," ते म्हणाले. "समाधीला दिवाबत्ती लागते, नैवेद्य लागतो, झाडलोट करणारा माणूस लागतो. त्यासाठी कुठेतरी जमीन इनाम दिलेली असते. देवस्थान इनाम म्हणजे वर्ग तीन. राजा गेला, राज्य गेलं, तरी इनामाच्या नोंदी पुढच्या सरकारनं जपल्या, कारण सारा कुणाकडून घ्यायचा नाही हे त्यालाही ठाऊक असावं लागतं." गुरव हसले. त्यांच्या आजोबांच्या वेळी वाळू उपसताना चौथरे लागत आणि लोक पुन्हा झाकून टाकत, असे त्यांनी सांगितले. झाकलेलेच सुरक्षित राहते, हा त्यामागचा हिशेब.

ताराबाईंची समाधी शेवटी. ती बराच काळ वाळूत गाडली गेली होती, आणि पुढे लोकांनी वाळू काढून ती उघडी केली. झिजलेले दगड, निखळलेले सांधे. आदल्या दिवशीच्या पाण्याने चौथऱ्यावर गाळाचा पातळ थर ठेवला होता. मी ओंजळीने पाणी आणून तो धुऊ लागले तर गुरव म्हणाले, "राहू द्या ताई, पुढच्या आवर्तनाला परत येणार." पानिपत जानेवारी 1761 मध्ये झाले, पेशवा बाळाजी बाजीराव जूनमध्ये खचून गेला, आणि ज्या बाईला त्याने आणि शाहूंनी आयुष्यभर आवरून धरले होते, ती त्या दोघांनाही पुरून उरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात, 86 व्या वर्षी गेली. तिला आणले ते याच वाळूत, पुतण्याच्या शेजाराला.

पुढच्या पिढ्यांतल्या प्रतापसिंह महाराजांना मात्र ही जागाही मिळाली नाही. इंग्रजांनी 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले आणि 1847 मध्ये ते तिथेच वारले. धाकटे भाऊ आप्पासाहेब एप्रिल 1848 मध्ये गेल्यावर दत्तकाला मान्यता न देता राज्यच खालसा झाले.

येणाऱ्यांनी देवळांसाठी वेगळा वेळ ठेवावा, आणि पुलावरून पलीकडे क्षेत्र माहुलीला जाऊन रामेश्वराचा घाट व दीपमाळ जरूर पाहावी. समाध्यांकडे जाताना गावातल्या कुणाला तरी सोबत घ्यावे, कारण फलकांवर विसंबून वाळूत नेमकी जागा सापडत नाही. कुणाचे विधी चालू असतील तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

निघण्यापूर्वी मामांना एक काम उरकायचे होते. शाहूंच्या चौथऱ्यापासून ताराबाईंच्या चौथऱ्यापर्यंतचे अंतर त्यांना पावलांनी मोजायचे होते. त्यांचे पाऊल अडीच फुटांचे आहे आणि ते नोकरीत अनेकदा तपासलेले आहे. ते मोठ्याने आकडे म्हणत निघाले, मी मागे चपला हातात घेऊन. मध्ये एका खोलगट जागी पाणी साचून राहिले होते आणि खाली गाळ होता. त्यांनी काठीने खोली पाहिली, दोन्ही बाजूंनी वळसा घालता येतो का ते पाहिले, आणि मग तिथेच उभे राहून खिशातली वही काढली. परतीच्या गाडीत मी ती उघडून पाहिली. तारखेखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : "मौजे संगम माहुली. काकू ते पुतण्या. मोजणी अपूर्ण, मध्ये पाणी. मे महिन्यात पुन्हा यावे."